जुनी गाडी रंगली, पण उचलत नाही? पार्ट बदलण्याआधी वायरिंगचा ताळा करा

अन्नपूर्णा (इंदूर) : घरातली जुनी फियाट किंवा अ‍ॅम्बेसेडर पुन्हा रस्त्यावर आणायची म्हणून पत्राकाम होतं, रंग होतो, सीटा शिवून येतात, इंजिन उघडून बसवलं जातं. शेवटी नारळ फोडून किल्ली फिरवतात आणि गाडी नुसती घरघरते, उचलत नाही. मग नवी कॉईल येते, नवे पॉइंट येतात, चारही प्लग बदलतात. खर्च वाढत जातो, गाडी जागची हलत नाही. अशा गाड्यांमध्ये दोष पुष्कळदा पार्टमध्ये नसतोच. तो एखाद्या गंजलेल्या जोडात, रंगाखाली गाडल्या गेलेल्या अर्थिंगमध्ये किंवा आतून तुटलेल्या वायरीत असतो. तो कसा शोधायचा, याची ही क्रमवार माहिती. इंदूर असो, बेळगाव असो की सोलापूर, गाडी जुन्या पॉइंट-कॉईलची असेल तर तपासणी हीच.

थोडक्यात महत्त्वाचे

- तपासणी नेहमी बॅटरीपासून प्लगकडे, एकेक टप्पा ओलांडत करायची. मध्येच उडी मारायची नाही.
- मल्टीमीटरने व्होल्ट मोजताना सर्किटमधून करंट वाहत असला पाहिजे. वाहता करंट नसताना दिसणारे १२ व्होल्ट फसवे असतात.
- रंगकामानंतर अर्थिंगचे सगळे पॉइंट खरवडून उघडे करायचे.
- इंजिन बंद असताना किल्ली ‘ऑन’ ठेवून गप्पा मारत बसायचं नाही. कॉईल तापून जळते.
- जुन्या गाड्यांत इग्निशनच्या वायरीला अनेकदा फ्यूजच नसतो. शॉर्ट झाला तर सगळं वायरिंग पेट घेऊ शकतं.

इंदूर आणि जुन्या गाड्या

इंदूरला मोटारींचा नाद जुना आहे. होळकर संस्थानचे महाराज यशवंतराव दुसरे यांच्याकडे लंडनच्या गर्नी नटिंगने बॉडी चढवलेली ड्यूसेनबर्ग होती. जगातल्या नामांकित गाड्यांत तिचं नाव घेतलं जातं. पण साध्या घरांच्या आठवणीतली गाडी वेगळी. वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाईल्सच्या मुंबईतल्या कुर्ला कारखान्यातून फियाट ११०० आणि पुढे तिचीच प्रीमियर पद्मिनी बाहेर पडली. बंगालमध्ये उत्तरपाडा इथे हिंदुस्तान मोटर्सची अ‍ॅम्बेसेडर २०१४ पर्यंत तयार होत होती. मुंबईच्या रस्त्यावरची शेवटची काळी-पिवळी पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये बंद झाली. तेव्हापासून या गाड्यांकडे पुन्हा लोकांचं लक्ष गेलं आहे.

अन्नपूर्णा मंदिर, दसरा मैदान, लोकमान्यनगर या पट्ट्यात जुन्या बैठ्या घरांच्या पोर्चमध्ये ताडपत्रीखाली एखादी गाडी वर्षानुवर्षं उभी असावी, यात नवल नाही. माळव्यातला उन्हाळा चाळीस अंशांच्या पुढे जातो. वायरीवरचं जुनं रबर आणि कापडी वेष्टण त्यात कडक होऊन तडकतं. चार महिने पावसाळ्याची ओल जोडांमध्ये हिरवा गंज धरते. उभ्या गाडीत उंदीर शिरले तर वायरी कुरतडतात ते वेगळंच. कोकण-गोव्यात उन्हापेक्षा खारी हवा जास्त नुकसान करते, बेळगाव-चंदगडकडे लांबलेला पाऊस. कारण बदलतं, परिणाम एकच, जोड खराब होतो.

ठिणगी तयार होते कशी

ही पद्धत अमेरिकेत चार्ल्स केटरिंग यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला रूढ केली. साधारण सत्तर वर्षं जगभरच्या पेट्रोल गाड्या तिच्यावर चालल्या. तिचे दोन भाग आहेत.

कमी व्होल्टचा भाग : बॅटरी – किल्लीचा स्विच – कॉईलचं एक टोक – कॉईलचं दुसरं टोक – डिस्ट्रिब्युटरमधले पॉइंट – इंजिनची बॉडी – अर्थिंगची पट्टी – परत बॅटरी. हे पूर्ण वर्तुळ आहे. जाण्याच्या वाटेइतकीच परतीची वाट महत्त्वाची, आणि घोळ परतीच्या वाटेत जास्त होतो.

जास्त व्होल्टचा भाग : कॉईलची मधली जाड केबल – डिस्ट्रिब्युटरची कॅप – रोटर – प्लगच्या केबली – प्लग.

पॉइंट जुळलेले असताना कॉईलमधून करंट वाहतो. पॉइंट उघडले की तो एकदम तुटतो आणि त्या झटक्याने कॉईलमध्ये हजारो व्होल्ट तयार होऊन प्लगवर ठिणगी पडते. पॉइंट उघडताना तिथेच ठिणगी पडून ते जळू नयेत आणि करंट चटकन तुटावा, यासाठी कंडेन्सर असतो.

एका खराब जोडाचा हिशेब

साध्या १२ व्होल्ट कॉईलचा आतला रोध सुमारे ३ ओहम असतो. म्हणजे तिच्यातून साधारण ४ अँपिअर करंट वाहायला हवा. समजा, स्विचच्या मागच्या गंजलेल्या थिंबलमध्ये फक्त अर्ध्या ओहमचा रोध वाढला. सेल्फ मारताना बॅटरी १० व्होल्टपर्यंत खाली आली, तर १० भागिले ३.५ म्हणजे सुमारे २.९ अँपिअरच कॉईलला मिळतात. कॉईलमध्ये साठणारी ऊर्जा करंटच्या वर्गाच्या प्रमाणात असते. त्यामुळे पूर्ण १२ व्होल्टवर मिळाली असती, त्याच्या निम्मीच ताकद ठिणगीत उरते.

अर्धा ओहम म्हणजे डोळ्याला दिसणारही नाही इतका गंज. पण थंड इंजिन, जुनं पेट्रोल आणि अर्धी ठिणगी एकत्र आली की गाडी सुरू होत नाही. इथे नवी कॉईल घालून काही फरक पडत नाही, कारण गळती कॉईलच्या आधी आहे. उलट बॅटरी दहादा सेल्फ मारून उतरते आणि दोष आणखी गडद होतो.

हाताशी काय असावं

मल्टीमीटर, १२ व्होल्टचा टेस्ट लॅम्प (बल्बला दोन वायरी आणि क्लिपा जोडल्या तरी चालतो), फ्यूज लावलेली एक लांब जम्पर वायर, फीलर गेज, बारीक पॉलिश पेपर, रबरी मुठीची पक्कड आणि पेट्रोलच्या आगीला चालणारा अग्निशामक सिलिंडर. शेवटची वस्तू ऐच्छिक समजू नये. उघडा कार्ब्युरेटर आणि ठिणगीची तपासणी एकाच बोनेटखाली चालते. पेट्रोल गळत असेल तर आधी ते थांबवा, मगच पुढे जा. पेसमेकर बसवलेल्या व्यक्तीने जास्त व्होल्टच्या भागाची तपासणी स्वतः करू नये.

पायरीनिहाय तपासणी

१. बॅटरी. गाडी बंद असताना पूर्ण चार्ज बॅटरी सुमारे १२.६ व्होल्ट दाखवते. १२ च्या खाली असेल तर आधी चार्ज करा. सेल्फ मारताना ती ९.६ च्या खाली जात असेल, तर बॅटरी, तिचे टर्मिनल किंवा सेल्फची मोटर यांपैकी एक दोषी आहे. टर्मिनल काढून आतली बाजू चकचकीत करा. नुसतं वरून ग्रीस थापून उपयोग नाही.

२. अर्थिंग. रिस्टोरेशन झालेल्या गाडीत पहिला संशय इथे घ्यावा. मल्टीमीटरची एक पिन बॅटरीच्या अर्थिंगच्या टर्मिनलवर, दुसरी इंजिनच्या उघड्या लोखंडावर धरा आणि दुसऱ्याला सेल्फ मारायला सांगा. ०.३ व्होल्टच्या आसपास किंवा कमी असेल तर ठीक. अर्ध्या व्होल्टच्या वर गेलं तर इंजिन आणि बॉडी जोडणारी पट्टी बघा. रंगाऱ्याने बॉडी छान गुळगुळीत केलेली असते, पण पट्टीचा बोल्ट प्रायमर आणि रंगाच्या थरावर कसलेला असतो. रंगातून करंट वाहत नाही. सेल्फ मारताना चोकची किंवा अ‍ॅक्सिलरेटरची केबल गरम होत असेल, तर समजा परतीचा करंट पट्टी सोडून त्या केबलीतून वाट काढतो आहे.

३. कॉईलपर्यंत येणारा पुरवठा. किल्ली ‘ऑन’ करा, इंजिन हाताने थोडं फिरवून पॉइंट जुळलेल्या स्थितीत आणा आणि कॉईलच्या स्विचकडच्या टोकावर व्होल्ट मोजा. बॅटरीच्या व्होल्टपेक्षा अर्ध्याहून जास्त व्होल्टचा फरक नको. इथेच बहुतेक जण फसतात. पॉइंट उघडे असताना करंट वाहत नाही. तेव्हा एकच तार शिल्लक असलेली, आतून तुटलेली वायरही पूर्ण १२ व्होल्ट दाखवते. करंट वाहू लागला की तिचं पितळ उघडं पडतं. मोजमाप उरकलं की लगेच किल्ली बंद करा. (कॉईलच्या आधी बॅलास्ट रेझिस्टर असेल तर इथे व्होल्ट मुळातच कमी दिसतात, तो दोष नव्हे. तेव्हा रेझिस्टरच्या आधीच्या टोकावर मोजा.)

४. जम्पर वायरची परीक्षा. पुरवठा कमी वाटला तर बॅटरीच्या ज्या टर्मिनलला अर्थिंग नाही, तिथून फ्यूजची जम्पर वायर थेट कॉईलच्या स्विचकडच्या टोकाला लावा. गाडी लगेच सुरू झाली तर कॉईल, पॉइंट, प्लग निर्दोष सुटले. दोष स्विचमध्ये किंवा स्विच ते कॉईल या वायरीत आहे. जम्पर लावलेला असताना किल्लीने गाडी बंद होत नाही, जम्पर काढावा लागतो. ही फक्त परीक्षा आहे, ‘जुगाड’ म्हणून तशीच गाडी चालवू नये.

५. कॉईल ते डिस्ट्रिब्युटर. आता व्होल्ट कॉईलच्या दुसऱ्या टोकावर मोजा. पॉइंट उघडे असताना बॅटरीइतके, पॉइंट जुळल्यावर जवळजवळ शून्य दिसायला हवेत.

- कायम १२ व्होल्ट : पॉइंट जुळत नाहीत, त्यांच्यावर तेल किंवा काजळी आहे, किंवा डिस्ट्रिब्युटरमधली छोटी अर्थिंगची वायर तुटली आहे.
- कायम शून्य : डिस्ट्रिब्युटरकडची वायर कॉईलवरून काढा. व्होल्ट वर आले तर शॉर्ट डिस्ट्रिब्युटरमध्ये आहे. पॉइंटच्या स्प्रिंगखालचा इन्सुलेटिंग वॉशर चुकीचा बसला असेल, आतली वायर बॉडीला घासत असेल किंवा कंडेन्सर शॉर्ट असेल. वायर काढूनही शून्यच, आणि तिसऱ्या पायरीत पुरवठा ठीक होता, तर कॉईल आतून तुटली आहे.

रस्त्यावर मीटर नसेल तर टेस्ट लॅम्प याच टोकाला आणि बॉडीला लावून सेल्फ मारा. लॅम्प उघडझाप करत असेल तर पॉइंट काम करतायत.

६. पॉइंटचं अंतर. गाडीच्या पुस्तकातला आकडा पाळावा. लुकासच्या जुन्या डिस्ट्रिब्युटरला साधारण ०.३५ ते ०.४० मिलिमीटर असतं. अंतर मोजताना पॉइंट कॅमच्या उंचवट्यावर पूर्ण उघडलेले हवेत. नवे पॉइंट आले तरी त्यांच्यावरचा गंजरोधक तेलकट थर पुसूनच बसवा. नवा पार्ट घातल्यावर गाडी अजिबात सुरू होत नाही, याचं एक कारण हा थर असतो.

७. ठिणगी. कॅपमधून कॉईलची मधली केबल काढा, रबरी मुठीच्या पकडीने तिचं टोक इंजिनच्या लोखंडापासून ५-६ मिलिमीटरवर धरा आणि सेल्फ मारायला सांगा. निळी, कडकडीत ठिणगी हवी. पिवळी, मरतुकडी ठिणगी असेल आणि आधीच्या पायऱ्या ठीक असतील, तर आता कंडेन्सर आणि मग कॉईलवर संशय घ्यायला हरकत नाही. केबल लांब अधांतरी सोडून सेल्फ मारू नका, उंच दाबाने कॉईलचं आतलं इन्सुलेशन फुटतं.

८. कॅप, रोटर, केबली. इथे ठिणगी चांगली पण प्लगवर नाही, तर कॅपमधली बारीक काळी रेष, मधलं कार्बनचं बटण आणि रोटर बघा. काळोखात बोनेट उघडून इंजिन चालू ठेवलं, तर कुठल्या केबलीतून ठिणगी बाहेर उडते ते दिसतं. शेवटी क्रम तपासा. फियाट ११०० आणि अ‍ॅम्बेसेडर दोन्हींचा फायरिंगचा क्रम १-३-४-२ आहे, पण रोटर कोणत्या दिशेला फिरतो ते कॅप काढून डोळ्यांनी बघूनच केबली लावा.

लक्षणावरून अंदाज

- सेल्फ मारताना सुरू होत नाही, किल्ली सोडताना मात्र एक झटका देते : सेल्फच्या वेळी व्होल्ट फार पडतायत. पायरी १ ते ३.
- थंड असताना उत्तम, वीस मिनिटांनी बंद, तासाभराने पुन्हा सुरू : तापल्यावर निकामी होणारी कॉईल किंवा कंडेन्सर. पण आधी बंद पडलेल्या क्षणी ठिणगी तपासा. ठिणगी असेल तर दोष पेट्रोलचा. उन्हाळ्यात पेट्रोलची वाफ होऊन पंप अडतो, त्यावर जुने ड्रायव्हर ओलं फडकं टाकत, ते यासाठीच.
- अ‍ॅक्सिलरेटर दाबला की गचका खाते : व्हॅक्यूमने डिस्ट्रिब्युटरमधली प्लेट फिरते आणि आतून तुटलेली बारीक वायर ताणली जाते.
- खड्ड्यात आदळली की बंद, परत सुरू : लूज थिंबल किंवा झिजलेला किल्लीचा स्विच.
- पॉइंट पुन्हा पुन्हा जळतात : कंडेन्सर खराब, किंवा बॅलास्टची कॉईल थेट १२ व्होल्टवर जोडली आहे.

रिस्टोरेशनमध्ये हमखास होणाऱ्या चुका

उलटं अर्थिंग. १९६० च्या दशकापर्यंतच्या अनेक ब्रिटिश गाड्यांत बॅटरीचं प्लस टर्मिनल बॉडीला जोडलेलं असायचं. बॅटरी आजच्या सवयीने मायनस बॉडीला लावून बसवली, तर डायनॅमो पुन्हा पोलराइज करावा लागतो आणि कॉईलच्या दोन बारीक वायरी अदलाबदल कराव्या लागतात. कॉईल उलटी जोडली तरी गाडी चालते, पण ठिणगी दुबळी पडते आणि दोष महिनोन्महिने सापडत नाही.

कॉईलची चुकीची जोडी. बॅलास्टसोबतची कॉईल साधारण दीड ओहमची, साधी कॉईल ३ ओहमची. विकत घेताना मीटरने मोजून घ्या. दीड ओहमची कॉईल बॅलास्टशिवाय लावली तर ती तापते आणि पॉइंट जाळते. ३ ओहमची बॅलास्टसह लावली तर ठिणगी मरते.

घरगुती वायर. भिंतीतल्या फिटिंगची कडक तार गाडीच्या थरथरीने तुटते. अनेक बारीक तांब्याच्या तारांची, गाडीसाठीचीच वायर वापरावी. जोड वळून टेप मारण्याऐवजी थिंबल दाबून स्लीव्ह घालावी. बॉडीच्या भोकातून वायर नेताना रबरी ग्रोमेट हवाच. नव्या रंगाच्या पत्र्याची धार ब्लेडसारखी असते.

रंगावरून ओळख. ब्रिटिश पद्धतीत तपकिरी वायर बॅटरीचा थेट पुरवठा, पांढरी इग्निशनची, हिरवी फ्यूजनंतरची आणि काळी अर्थिंगची. पण चाळीस-पन्नास वर्षांत किती हात लागले असतील सांगता येत नाही. रंगावर विसंबू नका, प्रत्येक वायर मीटरने पडताळून तिला कागदी चिठ्ठी बांधा, मगच जुनं वायरिंग उतरवा. उतरवण्याआधी मोबाईलवर फोटो घेतले तर पुढचे आठ दिवस वाचतात.

आणि फ्यूज. वर सांगितल्याप्रमाणे तपकिरी आणि पांढऱ्या वायरीला अनेकदा संरक्षण नसतं. त्यातली एक बॉडीला घासली तर बॅटरी आपला सगळा करंट तिच्यात ओतते. वेष्टण वितळतं, शेजारच्या वायरी पेटतात, आणि दोन वर्षांची मेहनत काही मिनिटांत डॅशबोर्डसकट जाते. म्हणून बॅटरीजवळ मुख्य फ्यूज आणि हाताने बंद करायचा कट-ऑफ स्विच बसवून घ्यावा. गाडी पोर्चमध्ये उभी करताना कट-ऑफ बंद, ही सवय घरातल्या सगळ्यांना लावावी.

कागदपत्रांचंही बघा

केंद्र सरकारने जुलै २०२१ मध्ये मोटार वाहन नियमांत व्हिंटेज वाहनांची स्वतंत्र तरतूद केली. पहिल्या नोंदणीला ५० वर्षं पूर्ण झालेल्या दुचाकी-चारचाकी त्यात येतात. नवी नोंदणी २०,००० रुपये, मुदत १० वर्षं, नूतनीकरण ५,००० रुपये. नंबरमध्ये ‘व्हीए’ ही अक्षरं असतात. अशी गाडी रोजच्या किंवा धंद्याच्या वापरासाठी नाही. चेसिस, बॉडी आणि इंजिन मूळ स्वरूपात असणं ही मुख्य अट आहे. वायरिंग नवं केलं तरी ते मूळ मार्गाने आणि मूळ पद्धतीने करावं, हे गाडीच्या किमतीच्या दृष्टीनेही बरं.

सीमाभागातल्या वाचकांसाठी आणखी एक. गाडी एका राज्यात नोंदलेली आणि बारा महिन्यांहून जास्त दुसऱ्या राज्यात ठेवलेली असेल, तर तिथे पुन्हा नोंदणी लागते आणि मूळ आरटीओची एनओसी हवी असते. आजोबांची गाडी कोल्हापूरहून इंदूरला किंवा इंदूरहून बेळगावला नेणाऱ्यांनी पत्राकामाला हात घालण्याआधी ही एनओसी मागावी. गाडी तयार झाल्यावर कागद अडले तर ती पुन्हा ताडपत्रीखाली जाते.

मेकॅनिककडे जाताना

इंदूरपासून जवळच पिथमपूरला मोठमोठे वाहन कारखाने आहेत, ११.३ किलोमीटरचा चाचणी ट्रॅक आहे. तरीही फीलर गेज लावून पॉइंट सेट करणारा हात शोधावा लागतो, कारण नव्या गाड्यांत पॉइंटच उरलेले नाहीत. असे जुने मिस्त्री अजून आहेत. त्यांच्याकडे जाताना ‘कॉईल बदलून द्या’ असं सांगू नका. एका कागदावर बॅटरी किती व्होल्ट, सेल्फ मारताना किती, अर्थिंगवर किती, कॉईलवर पॉइंट जुळलेले असताना किती, हे चार आकडे लिहून न्या. ते कुठे जुळत नाहीत हे बघितलं की दोष कुठल्या दोन टोकांच्या मध्ये आहे, ते मिस्त्रीला तुम्ही न सांगता कळतं. आणि त्याने ते जुळवताना घरातल्या एखाद्या तरुणाला शेजारी उभं करा. पुढच्या वेळी गाडी अडली, तर हे काम घरातल्याच कुणाला तरी यायला हवं.